आत्याच्या कार्डावरची फुली

माझ्या अक्षराचं आयुष्यभर कौतुक झालं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, बँकेत कुणी निवृत्त झालं की मानपत्र माझ्याकडूनच लिहून घेत, आणि सोसायटीच्या नोटिसा अजूनही माझ्याच हातच्या असतात. त्या कुणी पाळत नाही, पण अक्षराला नावाजतात. कुणी नावाजलं की मी तोंडदेखलं हसते आणि आत माझा संताप होतो. ह्याच अक्षराने मी सतराव्या वर्षी एका जिवंत बाईला मारलेलं आहे आणि ते पुस्तकात छापलेलं आहे. गेला महिनाभर ते पुस्तक, त्यामागचे कागद आणि माझ्या भाच्याने पाठवलेल्या फायली माझ्यासमोर पसरल्या आहेत, त्यामुळे हे प्रकरण रागातच लिहून होणार. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही म्हणणं नाही.

शनिवार पेठेत आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती. त्यातल्या बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर कळायला लागल्यापासून कुणी जेवल्याचं मला आठवत नाही. वडील, म्हणजे नाना, सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरीतून सुटले की कुलवृत्तांताचे. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची पिढ्यान् पिढ्यांची माहिती गोळा करून केलेला जाडजूड ग्रंथ. आमच्या आडनावाचा तो नव्हता, आणि नानांना त्याची अशी काही टोचणी होती की जणू घरातलं एखादं लग्न राहून गेलंय. आडनाव मी इथे लिहीत नाही. त्याची छपाई पुरेशी झालेली आहे.

टेबलावर चपलांची रिकामी खोकी ओळीने मांडलेली असत. नाना अप्पा बळवंत चौकातून जाड कागद आणायचे आणि रविवारी सकाळी पट्टी धरून त्याची कार्डं कापायचे. कात्रीचा तो करकर आवाज आणि आतून आईच्या थालीपीठ थापण्याचा आवाज, ही माझ्या लहानपणीच्या रविवारची खूण. पांढरी कार्डं पुरुषांची. गुलाबी कार्डं लग्न होऊन आलेल्या सुनांची. पिवळी घरच्या मुलींची, आणि ती मापाने अर्धी. मी एकदा विचारलं होतं की ही अर्धी का. "मुलींची माहिती तेवढीच असते गं," नाना म्हणाले, "जन्म, नाव, कुणाकडे दिली. पुढचं त्यांच्या सासरच्या ग्रंथात." त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं की मलाही ते सरळच वाटलं. आज तीच खोकी मी माझ्या टेबलावर उपडी केली तेव्हा त्या अर्ध्या कार्डांचा ढीग पाहून मी मोठ्याने एक शिवी दिली. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

कार्डावर खुणा असत. उजव्या कोपऱ्यात गोल म्हणजे परगावी स्थायिक, चौकोन म्हणजे दत्तक, आणि लाल पेन्सिलीची फुली म्हणजे बालपणीच वारलेलं मूल. फुल्या पुष्कळ होत्या. कार्डांवर सुवाच्य लिहायचं काम माझं. तेल लागेल म्हणून टेबलाच्या चार हात परिसरात लोणच्याला बंदी होती. आम्ही आतल्या खोलीत जमिनीवर पानं मांडून मेतकूट-भात खायचो आणि बाहेर आमचे दोनशे वर्षांचे पूर्वज पंख्याखाली ऐसपैस बसलेले असत. आई म्हणायची, "मेलेल्यांना टेबल आणि जित्यांना फरशी." ती हे रोज म्हणायची, त्यामुळे ते कुणी ऐकत नसे.

नानांची खरी अडचण वेगळी होती. जुने कागद, म्हणजे इनामाच्या सनदा, पत्रं, नाशकाच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आणलेल्या नकला, सगळे मोडीत. नानांना मोडीचं एक अक्षर लागत नसे. त्यांना ती मुंग्यांची रांग दिसायची. घराण्यात मोडी सफाईने वाचणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे नानांची धाकटी बहीण प्रमिला, माझी पमाआत्या. लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडे बसून ती हौसेने शिकली होती. पण पमाआत्याने दारूगोळा कारखान्यातल्या एका फिटरशी लग्न केलं होतं. ते भंडाऱ्याकडचे आणि दुसऱ्या जातीचे. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव घेतलं गेलं नाही.

आणि तरीही दर शनिवारी शाळा सुटली की नाना माझ्याकडे एक कापडी पिशवी द्यायचे. त्यात वर माझी भूगोलाची वही आणि खाली मोडी कागद. "हे जाणकारांकडे देऊन ये," ते म्हणायचे. जाणकार. सख्ख्या बहिणीला ते जाणकार म्हणायचे, आणि ती पिशवी घेऊन मी बसने खडकीला जायचे. आईला ठाऊक होतं, नानांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आम्ही तिघंही जाणकार म्हणायचो. ह्या ढोंगाचा मला तेव्हा राग यायला हवा होता. तेव्हा मला त्यात मोठी गंमत वाटत होती.

खडकीच्या क्वार्टरमध्ये पमाआत्याची एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढे वालाची वेल चढवलेला व्हरांडा होता. कारखान्याचा भोंगा झाला की भांडी थरथरल्यासारखी वाटायची. ती कागद खिडकीपाशी नेऊन, तिरपे धरून वाचायची आणि मी देवनागरीत उतरवून घ्यायचे. माझं अक्षर वळवलं ते तिने. "प्र लिहिताना खालची रेघ घाबरत घाबरत काढू नकोस," ती म्हणायची, "काढली तर ठसठशीत काढ, नाहीतर काढूच नकोस." काका कामावरून आले की हातपाय धुऊन पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायचे, त्यांच्याकडच्या पद्धतीचा, लालभडक. आमच्या घरी आमटीत गूळ पडायचा. पहिल्यांदा मी तो रस्सा खाल्ला तेव्हा नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि काका घाबरे झाले. "काहून व पोरी, लई तिखट झालं काय? थांब, तूप घे जराशी." वैशाली, त्यांची धाकटी मुलगी, माझ्याकडे बघून खिदळत होती. नंतर मला त्या रश्शाची इतकी सवय झाली की शनिवारी सकाळपासून जिभेला पाणी सुटायचं.

तिने तीन वर्षांत आमची सहा पिढ्यांची गाठ लावून दिली. मूळ पुरुष कुठून आला, कोणत्या भावाने कोणतं गाव घेतलं, कुणाची कुणाशी भाऊबंदकी, हे सगळं तिने त्या खिडकीत बसून सोडवलं. एका कागदात आमच्या खापरपणजोबांनी भावाच्या जमिनीच्या कागदावर खोटी सही केल्याचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "हे नानाला कळव, पण तो छापणार नाही." नानांनी छापलं नाही.

पुस्तक छापायला जायच्या आधी एका रविवारी समिती आमच्याकडे बसली. अध्यक्ष भाऊसाहेब, नानांचे चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी वर्ग शांत बसावा. एकेक शाखा वाचून मंजूर होत होती. आमची शाखा आली. नाना कार्ड वाचत होते, मी शेजारी लाल पेन्सिल घेऊन. आजोबा, आजी, नाना, आई, आम्ही दोघं भावंडं. मग नाना थांबले. त्यांच्या हातात अर्धं पिवळं कार्ड होतं. त्यावर नुसतं 'प्रमिला' एवढंच मी लिहिलं होतं. पुढचं काय लिहायचं हे नाना सांगणार होते.

भाऊसाहेब म्हणाले, "ह्याचं काय करायचं म्हणता?"

नाना म्हणाले, "कुणाकडे दिली ते लिहावं लागेल."

"दिली? कुणी दिली? आपण दिली नाही. आणि लिहिलं तर उद्या आणखी चार घरं उभी राहतील, आमचंही लिहा म्हणून. अविवाहित लिहावं तर तेही खोटं." खोटं नको म्हणून त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बालपणी वारली, असं लिहा. सोपं पडतं. कुणी विचारत नाही."

खोलीत पाच-सहा माणसं होती. एकाने पुढच्या शाखेची कार्डं हातात घेतली. आई कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मग सुतक आजपासून धरायचं का? कुकर लावलाय मी."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कॉफी घेतली. नानांनी पिवळं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. माझा हात थरथरला नाही. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही म्हणून इथे स्पष्ट लिहिते. मला वाईट वाटलं, पण त्याच वेळी कार्ड नीट दिसतंय ना हेही मी पाहिलं. फुली दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, ठसठशीत आली. पुढे मुद्रितं वाचायचं कामही माझ्याकडे होतं. मला ती ओळ खोडता आली असती, पुढे प्रश्नचिन्ह घालता आलं असतं, निदान वडिलांशी भांडता आलं असतं. पण प्रस्तावनेत 'सुवाच्य लेखन आणि वंशावळीचा तक्ता' ह्यापुढे माझं नाव छापून येणार होतं, आणि ते येईपर्यंत मला कुठलाही गोंधळ नको होता. भाऊसाहेबांचा राग मला आजही येतो, नानांचा त्याहून येतो. पण त्या दोघांनी नुसतं सांगितलं. लिहिलं मी.

एका मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, भाषणं. भाऊसाहेब म्हणाले की हा ग्रंथ म्हणजे सत्याचा आरसा आहे, आणि टाळ्या पडल्या. माझं नाव छापून आलं होतं. त्याच प्रस्तावनेत तीन ओळी वर होतं, 'मोडी लिप्यंतरासाठी एका जाणकाराचे बहुमोल साहाय्य झाले.' एका जाणकाराचे. पुल्लिंगी. जिलबी खाताना मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तेव्हा कुठे हातातली जिलबी पानात परत टाकली.

पुढच्या शनिवारी नानांनी मला पिशवी दिली. तीत ग्रंथाची एक प्रत आणि मोडी कागदांचं नवं बाड. पुरवणी काढायची होती. त्यांनी प्रत का पाठवली हे मला आजही कळलेलं नाही. तिला कळावं असं त्यांना वाटत होतं का? की आपण काय केलंय ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं? मी बसमध्ये ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि खडकी येऊ नये असं वाटत होतं.

पमाआत्याने हात पुसून पुस्तक घेतलं. आधी तिने मोडीचे उतारे काढले, दोन ठिकाणी छपाईच्या चुका सापडल्या, त्यावर तिने नखाने खुणा केल्या. मग शेवटचा घडीचा तक्ता उलगडला. तो माझ्याच हातचा, तसाच्या तसा ठसा करून छापलेला. तिने बोट वरून खाली आणत आणत आमच्या शाखेवर आणलं. बोट थांबलं. व्हरांड्यात काका वैशालीला पाढे म्हणायला लावत होते, तेवढाच आवाज.

"मी कितव्या वर्षी वारले ते नाही घातलंत?" ती म्हणाली. "समिती एवढी काटेकोर म्हणतात, आणि वय राहिलं?"

मी तिच्या बोटाखालच्या माझ्याच अक्षराकडे बघत होते.

"प्र छान आलाय," ती म्हणाली. "रेघ अजिबात घाबरलेली नाही."

तिने तक्ता घडीवर घडी घालून मिटला. मला ताट वाढलं. मी खाऊ शकले नाही, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि काका आत येऊन म्हणाले, "काहून रडून राहिली पोर? आज त मी मिरची कमी टाकली." त्यांना आत्याने काही सांगितलं नाही. मी निघाले तेव्हा तिने पुस्तक ठेवून घेतलं आणि मोडीचं बाड जसंच्या तसं, दोराही न सोडता, माझ्या पिशवीत परत घातलं.

"नानाला सांग," ती म्हणाली, "वारलेल्या बायकांना मोडी वाचता येत नाही."

मी घरी येऊन नानांना ते शब्द सांगितले. एकही शब्द न बदलता सांगितले, त्यात मला थोडी सुडाची गोडीही वाटली. नानांनी बाड उचलून ट्रंकेत ठेवलं. पुरवणी निघाली नाही. शनिवारची पिशवी बंद झाली. आणि मी? मला बस ठाऊक होती, घर ठाऊक होतं, पिशवीशिवायही जाता आलं असतं. मी गेले नाही. आधी तोंड दाखवायची लाज वाटली, मग कॉलेज, मग नोकरी, मग संसार, अशी कारणं मिळत गेली. कारणं काय, ढिगाने मिळतात. आत्या गेल्याचं मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

आता ओंकारचं. ओंकार माझ्या भावाचा मुलगा, आयटीत आहे, पोरगा चांगला आहे. त्याने कुलवृत्तांत संगणकावर आणायचं मनावर घेतलं. नानांची ट्रंक त्याच्याकडे होती. त्याने प्रत्येक कार्ड, प्रत्येक कागद स्कॅन केला, फोल्डर पाडले आणि खोकी माझ्याकडे आणून टाकली. "आत्या, तुझंच हॅण्डरायटिंग आहे, तूच नीट लावू शकशील." मी लावत बसले. आत्याने दोरा न सोडता परत केलेल्या बाडाचा त्याने एक फोल्डर केला आहे, 'मोडी, न वाचलेले'. तो मी उघडते आणि लगेच मिटते. त्याने एक ऑनलाइन फॉर्मही ठेवला आहे, ज्या कुणाला आपल्या शाखेची माहिती भरायची असेल त्याने भरावी म्हणून. परवा मला 'पडताळणी बाकी' नावाच्या फोल्डरमध्ये त्यातला एक फॉर्म दिसला. भरणारीचं नाव वैशाली. पत्ता विश्रांतवाडीचा. आईचं नाव प्रमिला. वडिलांचं नाव, दोन मुलं, नातवंडं, सगळं नीट भरलेलं. फक्त आईच्या मृत्यूची तारीख रिकामी.

मी ओंकारला फोन केला. "हा फॉर्म बाजूला का ठेवलास?"

"अगं, डेटा मॅच होत नाही ना. पुस्तकात ती चाइल्डहूडमध्येच गेलीय, आणि ह्या बाई म्हणतात त्यांची आई. सिस्टिमच घेत नाही, लहानपणी गेलेल्याला मुलं कशी लावणार? आणि पुस्तक आपला सोर्स आहे."

"पुस्तक नाही," मी ओरडलेच. "सोर्स मी आहे! ती फुली मी मारलीय. आत्ताच्या आत्ता काढ ती."

मग बिचारा चाचरत म्हणाला, "काढतो गं. पण मग डेट ऑफ डेथ लागेल. ती काय टाकू?"

दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या तिथ्या मला पाठ आहेत. ज्या बाईने मला लिहायला शिकवलं तिची तारीख माझ्याकडे नव्हती. मी फोन ठेवला आणि कपाटावर थाप मारली, हात अजून दुखतो आहे. मग फॉर्मवरचा नंबर लावला.

वैशालीचा आवाज अगदी आत्याचा. मी माझं नाव सांगितलं, शनिवार पेठ सांगितली, ती पिशवी घेऊन येणारी मी, असंही सांगितलं. मी म्हटलं, फॉर्ममध्ये तुझ्या आईची तारीख राहिली आहे, ती हवी होती.

"राहिली नाही," ती म्हणाली. "कुठली घालू ते कळेना. आईची तारीख म्हणजे, पहिली देऊ की दुसरी?"

मी समोरचं अर्धं पिवळं कार्ड हातात घेतलं. "पहिली माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "दुसरी सांग, मी लिहून घेते."